डिस्प्ले विकू नका, आधी बिघाड ओळखा

सूरजागड म्हटलं की डोळ्यासमोर लोहखनिज आणि ट्रकच्या रांगा येतात. त्यामुळे एटापल्ली, आलापल्लीकडे ज्याला त्याला ट्रक घ्यायचा असतो, नाहीतर हॉटेल टाकायचं असतं. आज आपण तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूच्या धंद्याबद्दल बोलू: जनरेटर, कॉम्प्रेसरच्या पॅनलवरचा छोटा एलसीडी डिस्प्ले.

यातला सगळ्यात जास्त मिळणारा म्हणजे 'सोळा बाय दोन'. दोन ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरं. बहुतेकांत हिताचीच्या एचडी४४७८० चिपचीच पद्धत चालते, म्हणून एका कंपनीचा पॅनल दुसऱ्याच्या जागी बसू शकतो. लक्षात घ्या, 'बसू शकतो' म्हणालो, 'बसतोच' नाही!

माझीच चूक सांगतो. एका यार्डातल्या जनरेटरचा डिस्प्ले मी बदलला. सकाळी झकास चालला, पैसे घेतले, घरी आलो. दुपारी फोन, "दादा, पडदा काळा पडला, ऑइल प्रेशर दिसत नाही." साधा पॅनल साधारण ५० अंशांपर्यंतच चालतो. आपल्याकडचा मे महिना, त्यात उन्हात तापलेली पत्र्याची पेटी! तिथे ७० अंशांपर्यंत चालणारा पॅनल लागतो. परत गेलो, पदरचे पैसे घालून नवा बसवला. नफा गेलाच, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही. ते जास्त लागलं.

तेव्हापासून पॅनल विकण्याआधी मी बिघाड ओळखतो. तुम्हीही हे बघा:

१. उजेड आहे, अक्षरं नाहीत? आधी कॉन्ट्रास्टचा छोटा स्क्रू हळू फिरवा. कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

२. वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन? डिस्प्लेला वीज मिळतेय, पण कार्डाकडून आदेश येत नाही. वायर, कनेक्टर, कार्ड तपासा. इथे नवा डिस्प्ले विकलात तर फसवणूकच झाली.

३. अक्षरं पुसट दिसतात, टॉर्च मारली की वाचता येतात? मागचा दिवा गेलाय.

बदलायचाच असेल तर जुन्याच्या मागचा नंबर, मापं, पिनांचा क्रम आणि व्होल्टेज (५ की ३.३) यांचा फोटो काढा. काही पॅनलमध्ये पहिल्या दोन पिना उलट असतात. न बघता वीज दिली की पॅनल जळतो.

आणि वजनकाट्याच्या डिस्प्लेला परवान्याशिवाय हात लावू नका. वैधमापन कायदा, २००९ नुसार काटे दुरुस्तीला परवाना लागतो. सील तुटलं तर पुन्हा पडताळणी आणि शिक्का आला. वॉरंटीतल्या मशीनचंही तसंच, आधी मालकाला कंपनीशी बोलू द्या.

मग सुरुवात कशी करायची? आधी माल भरू नका. एक वही घ्या. आसपासच्या २० मशीनमालकांना भेटा, कोणत्या मशीनवर कोणता पॅनल आहे ते लिहून काढा. जो नंबर पुन्हा पुन्हा येईल, त्याचेच दोन-तीन नग आणा. तपासणीचे पैसे वेगळे सांगा, आणि आधी सांगा. स्क्रू फिरवून काम झालं तरी ते पैसे तुमच्या कष्टाचे आहेत.

पॅनल काय, नागपूरहूनही कुणी मागवेल. "दादा, याला नवा डिस्प्ले नको" असं खरं सांगणारा माणूस मात्र जवळच हवा असतो. तो तुम्ही व्हा. वही आजच सुरू करा!