नायक कुठे अडतो?

कादंबरी वाचून झालेल्या माणसाला आपण हमखास एकच प्रश्न विचारतो, "शेवट काय होतो?" नायक जिंकला की हरला, लग्न झालं की मोडलं, एवढं कळलं की आपलं समाधान होतं. माझंही बरीच वर्षं तसंच होतं. पण कथेचा अर्थ शोधायचा तर नायक कुठे पोचला यापेक्षा तो कुठे अडला हे पाहावं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. तीही कॉलेजात नाही. आमच्या घरातल्या एका बाईनं ती शिकवली, आणि तिला मराठी वाचता येत नव्हतं.

मी तेव्हा बी. ए. करत होतो. वडिलांची धाकटी बहीण, माझी फुफी, आमच्याकडेच राहायची. विशीतच नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. दिवसभर शिलाई मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवायची. मला मोठ्यानं वाचायची सवय होती. अभ्यासासाठी मी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' वाचत होतो आणि फुफी मशीन चालवता चालवता ऐकत होती. आमच्या घरात बोली दखनी, पण बाजाराची भाषा मराठी, त्यामुळे तिला सगळं समजायचं. चार-पाच दिवसांनी मी जेवायला बसलो तर तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "उस पोरीका आगे क्या हुआ रे?"

ती पोरगी म्हणजे यमू, या कादंबरीची नायिका. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः छापली. तो काळ मोठ्या वादाचा होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण घरांची दारं उघडली नव्हती. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यावरून पुण्यात रणं माजली होती. सभा भरत होत्या, अग्रलेख लिहिले जात होते. बोलणारे सगळे पुरुष, आणि विषय बायकांचा. अशा वेळी आपट्यांनी यमूलाच बोलायला लावलं. सारी कादंबरी ती स्वतः सांगते. लहानपण, लग्न, सासर, मग शिकलेल्या, समजूतदार नवऱ्याबरोबर मुंबईतले सुखाचे थोडे दिवस. नंतर रघुनाथराव जातात. सासरी परतलेल्या यमूचं तिच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीनं केशवपन होतं.

तो भाग मी वाचला तेव्हा मशीन थांबलं होतं. फुफी म्हणाली, "हमारेमें बाल नै काटते." मी हो म्हणालो. थोड्या वेळानं मशीनचं चाक हातानं फिरवत तिनं पुढचं वाक्य उच्चारलं, "बाकी सब काटते."

मी गप्प बसलो. आमच्या धर्मात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आडकाठी नाही. मौलवींना विचारलं असतं तर त्यांनी आनंदानं निकाह लावला असता. पण आमच्या घरात तो विषय कुणी काढलाच नाही. नाही कुणी म्हटलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींसारखा दुष्ट माणूस आमच्याकडे कुणीच नव्हता. सगळे चांगले होते, तिच्यावर माया करणारे होते. आणि तरीही.

त्या दिवसापासून कोणतीही कादंबरी वाचताना मी मनाशी तीन प्रश्न विचारतो. या माणसाला काय हवं आहे? ते मिळण्यात आडवं कोण येतं? आणि तो आडवा येणारा त्याच्या बाहेर किती आहे, आत किती आहे? इथे नायक म्हणजे शूर, देखणा पुरुष असं मी म्हणत नाही. जिच्या किंवा ज्याच्या ओढीबरोबर आपण ओढले जातो, तो नायक. त्याची ओढ आणि त्याची अडवणूक यांची जिथे गाठ पडते, तिथे कथेचा अर्थ असतो.

यमूचंच घ्या. वरवर पाहता तिचा झगडा बाहेरच्यांशी आहे, रूढीशी आणि सासरच्या माणसांशी. मग आपट्यांनी तिला मधेच मुंबईत सुखाचे दिवस कशाला दिले? ते नसते तर यमू एक दुर्दैवी बाई राहिली असती, आणि दुर्दैवी बायकांची त्या काळी वाण नव्हती. मुंबईत तिला वाचायला मिळालं, नवऱ्याशी बरोबरीनं बोलायला मिळालं. जगता येतं कसं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर परत त्याच वाड्यात येणं म्हणजे नुसतं दुःख राहत नाही. आपलं काय हिरावलं गेलं ते तिला नेमकं माहीत आहे. त्यामुळेच केशवपन ही रीत न वाटता गुन्हा वाटतो. आणि बोलणारी बदलून पाहा. हीच हकिकत शंकरमामंजींनी सांगितली असती तर? प्रसंग तेच राहिले असते, पण कथा झाली असती घराण्याची अब्रू राखल्याची.

आता दुसरी कादंबरी पाहू. प्रेमचंदांची 'गोदान' १९३६ साली आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रेमचंद गेले. अवधमधला होरी हा छोटा शेतकरी. त्याला हवी आहे एक गाय, दारात बांधायला. एवढीच इच्छा. आडवे येणारे बाहेर पुष्कळ आहेत: जमीनदार, सावकार, पंचायत, पुरोहित. फक्त एवढंच असतं तर ती शोषणाची कैफियत झाली असती. प्रेमचंद एक पाऊल पुढे जातात. गाय दारात येते आणि होरीचा सख्खा भाऊ हीरा तिला विष घालतो. दरोगा येतो, हीराच्या घराची झडती घ्यायची म्हणतो. तेव्हा होरी काय करतो? भावाच्या घराची झडती म्हणजे आपलीच बेअब्रू, म्हणून दरोग्याचे हात ओले करायला कर्ज काढायला निघतो. बायको धनिया चारचौघांत त्याला अडवते.

होरीला गाय हवी आहे आणि मरजादही हवी आहे. दोन्ही एकदम मिळणार नाहीत, हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. मुलगा गोबर झुनिया नावाच्या विधवेला दिवस गेल्यावर तिला आईबापांच्या दारात सोडून पळून जातो. होरी आणि धनिया तिला घरात घेतात. पंचायत दंड ठोकते आणि होरी घरातलं धान्य वाहून नेऊन तो भरतो. ज्या चांगुलपणानं तो झुनियाला आसरा देतो, त्याच चांगुलपणानं तो पंचांपुढे मान तुकवतो. त्याचा गुण आणि त्याचा घात एकाच मुळातून आलेले आहेत. शेवटी उन्हात मजुरी करताना तो कोसळतो. लोक म्हणतात, गोदान करा. घरात गाय नाही, पैसा नाही. सुतळी विकून आलेले वीस आणे धनिया पुरोहिताच्या हातावर ठेवते. कादंबरीच्या नावाचा अर्थ त्या क्षणी उलगडतो. पण तो चटका बसतो, कारण होरी जन्मभर कुठे कुठे अडला ते आपण पाहिलेलं असतं.

तिसरं उदाहरण आपल्याकडचं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ सालचं. युरोपात युद्धाचे ढग दाटलेले. मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आहे आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी आहे. दोघं जवळ येतात. मुंबईला चक्रधर उतरतो, तिला उतरण्याची परवानगी नाही. बोट पुढे जाते आणि हॅर्टा समुद्रात आयुष्य संपवते. यात होरीसारखी गरिबी नाही, यमूसारखं सासर नाही. आडवं कोण आलं? पासपोर्ट, वंशद्वेष, युद्ध, हे झालं एक उत्तर. पण पूर्वी पोळलेला, प्रेमावरचा विश्वास उडालेला, मनानं मागे-पुढे करणारा चक्रधर हेही दुसरं उत्तर आहे. जगानं दार लावलं हे खरं. त्यानं ते ढकलून पाहिलं का? बेडेकर निकाल देत नाहीत. बोटीवर एकही गोळी सुटत नाही आणि तरी नाव 'रणांगण' आहे. ते रणांगण कुठलं, हे वाचकानं ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक कादंबरीत असा एकटा नायक असतोच का? नसतो. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' आठवा. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर गोष्ट सांगतो. शाळा भरते, तालीम बांधली जाते, माणसं जीव लावतात. आणि पाऊस दगा देतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जगायला निघून जातात. इथे नायक अख्खी वाडी आहे आणि आडवं आलं आहे आभाळ. आभाळावर राग काढता येत नाही. म्हणूनच ती वाचून आपल्याला चीड येत नाही, पोकळी जाणवते. विरोध कोणाचा आहे यावर वाचकाच्या मनात काय उरणार ते ठरतं.

आता थोडं माझ्या स्वतःविषयी. गेली तीसेक वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारतं, "तुमच्या समाजातला नायक मराठी कादंबरीत कुठे आहे हो?" प्रश्न रास्त आहे. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत माझ्यासारख्या नावाची माणसं बहुधा पलीकडच्या फौजेत उभी असत. ती क्रूर होती की कपटी, हे सांगितलं जाई. त्यांना काय हवं होतं, ती कुठे अडली होती, हे सहसा विचारलं जात नसे. खलनायक करण्याची हीच सोपी रीत आहे: त्या माणसाची ओढ सांगायची नाही. ती सांगितली की तो माणूस होतो, आणि मग त्याला नुसतं वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. हे पुस्तकात जेवढं खरं आहे तेवढंच मोहल्ल्यात आणि आळीतही खरं आहे.

माझी तक्रार खरी आहे. तिच्या शेजारी फुफीचं मशीनही आहे. पुण्याच्या वाड्यातली सोवळ्याओवळ्यातली यमू आणि पाच वेळा नमाज पढणारी माझी फुफी यांच्यात वेष, भाषा, देव यांतलं काहीच सारखं नव्हतं. सारखी होती ती अडण्याची जागा. तेवढ्यावर तिनं यमूला ओळखलं. स्वतःला आमच्या घरातली माणसं ओळखायला मात्र मला ती कादंबरी लागली.

पुढे फुफीचं लग्न झालं का, असं तुम्ही विचाराल. नाही झालं. मी विषय काढू शकलो असतो, काढला नाही. तिचं वय झालंय, आता लोक काय म्हणतील, अशी कारणं माझ्यापाशीही होती. मला कोणी कादंबरीत घातलं तर मी आडवा आलेल्यांच्या रांगेत असेन, हे मी मान्य करतो.

कादंबरी संपली त्या रात्री यमूही गेली होती. फुफी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ये लिखनेवाली बाई पुनामेंच रहती थी क्या?" मी सांगितलं की लिहिणारी बाई नव्हती, हरिभाऊ आपटे नावाचे गृहस्थ होते, ते १९१९ साली वारले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बी. ए. करणाऱ्या पोराला एवढंही ठाऊक नसावं, असा तिचा चेहरा होता. पुढे अनेकदा मी तिला समजावलं, पुस्तकावरचं नाव दाखवलं. तिनं शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.