आकाशाला नेमका प्रश्न विचारा

यवतमाळच्या गच्चीवरून तारे पाहताना खगोलशास्त्रज्ञ व्हावेसे वाटते ना? पण पीएच.डी. झाल्यावर पुढे काय? नवोदित संशोधकाला काही वर्षे स्वतंत्रपणे काम करता यावे, म्हणून संस्था अधिछात्रवृत्ती, म्हणजेच फेलोशिप, देतात. डॉ. जयंत नारळीकरांना १९६३ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची फेलोशिप मिळाली होती. त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ‘आयुका’ही तरुण संशोधकांना अशी संधी देते.

अर्जात काय लागते? प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, जाणकारांची शिफारसपत्रे आणि पुढील कामाचा आराखडा. ‘मी ताऱ्यांचा अभ्यास करीन’ एवढे त्यात पुरत नाही. ‘अमुक स्पंदक ताऱ्याची रेडिओ स्पंदने मधूनच का थांबतात, हे खोडदच्या तीस तबकड्यांच्या जीएमआरटी दुर्बिणीने तपासीन’, असे नेमके सांगावे लागते. प्रश्न, साधन आणि वेळ यांचा मेळ बसला पाहिजे.

याचा सराव आजही करता येईल. मृग नक्षत्रातील तांबडा काक्षी तारा २०१९ च्या अखेरीस चांगलाच मंदावला होता. हिवाळाभर दर आठवड्याला त्याचे तेज शेजारच्या रोहिणीशी ताडून पाहा व तारखेसह वहीत नोंदवा. नोंदींतून एखादा प्रश्न उभा राहिला, की समजा, तुमच्या अर्जाची पहिली ओळ लिहून झाली!