मोठ्या दुकानाची ताकद त्याच्या खरेदीत

मोठ्या दुकानाने पर्यावरणासाठी काय करावे, असे विचारले की बहुतेकांना दोनच उत्तरे सुचतात. छतावर सौर पॅनेल बसवावेत आणि प्लास्टिकच्या पिशव्या बंद कराव्यात. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण दुकानामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा थोडाच भाग त्याच्या चार भिंतींच्या आत असतो. बाकीचे प्रदूषण कापसाच्या शेतात, साबणाच्या कारखान्यात, माल वाहणाऱ्या जहाजांत आणि शेवटी ग्राहकाच्या घरच्या कचऱ्यात होते. त्यामुळे दुकानदार कोणता माल घेतो आणि तो कसा विकतो, याला जास्त महत्त्व आहे. अमेरिकेतील वॉलमार्ट आणि ब्रिटनमधील टेस्को या दोन कंपन्यांचा अनुभव हेच सांगतो.

बाटली लहान झाली

१९६२ मध्ये सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या गावात पहिले वॉलमार्ट उघडले. स्वस्त माल हीच या कंपनीची ओळख. ऑक्टोबर २००५ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ली स्कॉट यांनी तीन उद्दिष्टे जाहीर केली : सर्व वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची, कचरा शून्यावर आणायचा आणि निसर्गाला जपणाऱ्या वस्तू विकायच्या.

यातले तिसरे उद्दिष्ट कसे पुढे गेले, हे कपडे धुण्याच्या द्रव साबणावरून समजते. या साबणात बराचसा भाग पाण्याचाच असतो. म्हणजे कारखाना पाणी बाटलीत भरतो, ट्रक ते शेकडो मैल वाहून नेतो आणि घरी आपण त्यात पुन्हा नळाचे पाणी मिसळतो. कमी पाण्याचा घट्ट साबण बनवता येत होता. अडचण वेगळीच होती. फळीवर शेजारी मोठी बाटली असताना त्याच किमतीची लहान बाटली कोण उचलणार? त्यामुळे एकट्या कंपनीला हा बदल जोखमीचा वाटे.

सप्टेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने जाहीर केले की अमेरिकेतील आपल्या दुकानांत यापुढे फक्त घट्ट द्रव साबणच ठेवला जाईल. मे २००८ पर्यंत ते अमलात आले. एवढे मोठे गिऱ्हाईक गमावणे कोणत्याही कारखानदाराला परवडणारे नव्हते. तीन वर्षांत ४० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी आणि जवळपास ४३ हजार टन प्लास्टिक वाचेल, असा कंपनीचा अंदाज होता. यात ग्राहकाला वेगळे काही करावे लागले नाही. मोठी बाटली फळीवरून गेली आणि तुलनाच संपली.

खोक्यातली पोकळी, ट्रकमधले डिझेल

त्याच सुमारास कंपनीने आपल्या ब्रँडच्या तीनशेपेक्षा कमी खेळण्यांची खोकी थोडी लहान केली. तेवढ्याने जहाजातून येणाऱ्या कंटेनरची संख्या वर्षाला सुमारे ५०० ने घटली आणि वाहतुकीचे २४ लाख डॉलर वाचले. ट्रकच्या बाबतीतही असेच झाले. लांबच्या प्रवासात चालक रात्री केबिनमध्ये झोपतात आणि उबेसाठी किंवा गारव्यासाठी मोठे इंजिन रात्रभर चालू राहते. त्या कामासाठी वेगळे छोटे इंजिन बसवले, माल दाटीने भरला, रिकाम्या फेऱ्या कमी केल्या. २००५ च्या तुलनेत एका गॅलन डिझेलमध्ये दुप्पट माल पोहोचवण्याचे उद्दिष्ट २०१५ पर्यंत साध्य झाले. यात पर्यावरण आणि नफा यांची दिशा एकच होती, म्हणून काम वेगाने झाले.

फ्रीजमधली गळती

सुपरमार्केटमधील शीतकपाटांना जोडलेल्या लांबच लांब नळ्यांतून गारवा देणारा वायू फिरतो आणि सांध्यांतून तो गळतो. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या माहितीनुसार साधारण सुपरमार्केटमधून वर्षाला यंत्रणेतील सुमारे पाव हिस्सा वायू निसटतो. अनेक दुकानांत वापरला जाणारा ४०४-ए हा वायू एक किलो गळाला तर हवा तापवण्यात तो सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. गळती शोधणारी यंत्रे, शीतकपाटांना काचेची दारे आणि त्या वायूऐवजी खुद्द कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा, हे यावरचे उपाय आहेत. मात्र जुनी यंत्रणा बदलायला मोठा खर्च येतो.

‘एकावर एक मोफत’ची किंमत

टेस्कोने २०१३ मध्ये अन्नाच्या नासाडीचे स्वतःचे आकडे प्रसिद्ध केले. पिशवीत विकल्या जाणाऱ्या सॅलडच्या पानांपैकी ६८ टक्के, सफरचंदांपैकी ४० टक्के आणि ब्रेड-बेकरीच्या मालापैकी जवळपास निम्मा माल शेतापासून घरापर्यंतच्या वाटेत वाया जात होता. सॅलडची निम्म्याहून जास्त नासाडी तर ग्राहकांच्या घरात होत होती. मोठ्या पिशव्यांवर ‘एकावर एक मोफत’ अशी सवलत देणाऱ्या दुकानाचाही यात हात होता. टेस्कोने मोठ्या पिशव्यांवरची ती सवलत बंद केली. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदाच केला : ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने न विकलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करायचे नाही, ते दान करण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करायचा.

आकडे तपासून पाहावेत

२०१७ मध्ये वॉलमार्टने पुरवठादारांसह २०३० पर्यंत १०० कोटी टन हरितगृह वायू टाळण्याचे ठरवले आणि २०२४ मध्येच ते साधल्याचे जाहीर केले. मात्र हे आकडे पुरवठादारांनी स्वतः कळवलेले आहेत. शिवाय ‘टाळलेले’ वायू म्हणजे एकूण प्रदूषण तेवढे घटले असे नव्हे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीने सांगितले की स्वतःच्या दुकानांचे आणि वाहनांचे २०२५ व २०३० चे उद्दिष्ट बहुधा चुकेल. जिथे बचत लगेच खिशात येते तिथे काम झाले. जिथे आधी खर्च करावा लागतो, तिथे ते रेंगाळले. तिथेच फ्रान्ससारख्या कायद्याची आणि ग्राहकांच्या आग्रहाची गरज असते.

आपल्या शहरांतही आता सुपरमार्केट आली आहेत. रमजान-ईदच्या खरेदीला जाल तेव्हा तीन गोष्टी पाहा. शीतकपाटांना दारे आहेत का? मुदत संपत आलेला माल कमी भावात वेगळा ठेवला आहे का? आणि ‘एकावर एक मोफत’मधला दुसरा नग आपल्या घरी खरोखर संपणार आहे का? पहिल्या दोन गोष्टी नसतील तर व्यवस्थापकाला विचारा. तिसरीचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात मिळेल.