जुना गनप्ला किती जुना? खोकं वाचायला शिकूया



हल्ली पाचवी-सहावीच्या मुलांच्या तोंडी 'गनप्ला' हा शब्द ऐकू येतो. व्हिडिओ बघून मुलं घरी मागणी करतात. पालक ऑनलाइन शोधतात, तर एका ठिकाणी तेच खेळणं काहीशे रुपयांना आणि दुसऱ्या ठिकाणी 'व्हिंटेज, १९८०, दुर्मिळ' असं लिहून दहापट किमतीला. चित्र तेच, खोकं तेच. मग फरक कशाचा? याचं उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं, फक्त ते वाचता यायला हवं. आणि ते वाचणं म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला 'इतिहासाची साधने' हा धडाच आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'मोबाईल सूट गंडम' ही जपानी ॲनिमेशन मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी दूरदर्शनवर (आपल्या नव्हे, जपानच्या!) सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. यंत्रमानवांची रेखाटनं कुनिओ ओकावारा यांची. त्याआधीच्या यंत्रमानवांच्या कार्टूनमध्ये हिरो चांगला, राक्षस वाईट, दर आठवड्याला एक राक्षस खलास असा सरळ हिशोब असे. गंडममध्ये मात्र युद्ध होतं, दोन्ही बाजूंना माणसं होती आणि यंत्रमानव म्हणजे रणगाड्यासारखं लष्करी साधन होतं. बिघडणारं, दुरुस्त करावं लागणारं.

मालिकेचा मुख्य प्रायोजक होता क्लोव्हर नावाची खेळण्यांची कंपनी. प्रायोजकाचं गणित साधं असतं. कार्टून बघून लहान मुलं खेळणी घेतील, त्या पैशावर कार्टून चालेल. पण गंडम आवडत होतं ते थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे आपल्याकडच्या आठवी-नववीपासून पुढच्या. त्यांना क्लोव्हरचं चकचकीत खेळणं बाळबोध वाटायचं, आणि ज्या लहानग्यांसाठी ते बनवलं त्यांना गोष्ट कळत नव्हती. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळली गेली. शेवटचा भाग २६ जानेवारी १९८० ला लागला. व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर मालिका नापास.

इथून पुढे गोष्ट बदलते. जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने गंडमचं प्लास्टिकचं मॉडेल बाजारात आणलं. किंमत ३०० येन. गंडम आणि प्लास्टिक मॉडेल हे शब्द जोडून 'गनप्ला'. हे तयार खेळणं नव्हतं. खोक्यात एका चौकटीला वेलीला शेंगा लटकाव्यात तसे अडकलेले सुटे तुकडे, आणि एक सूचनापत्रक. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे. बरं, प्लास्टिक एकाच रंगाचं, पांढरं. पडद्यावरचा निळा, लाल, पिवळा रंग हवा असेल तर ब्रश घेऊन आपणच द्यायचा! मोठ्या मुलांना नेमकं हेच हवं होतं. मालिकेचं पुनःप्रक्षेपण सुरू होतंच. मग त्याच मालिकेचं संकलन करून, काही दृश्यं नव्याने रंगवून तीन चित्रपट आले. पहिला १४ मार्च १९८१, दुसरा ११ जुलै १९८१ आणि तिसरा १३ मार्च १९८२. वितरक शोचिकू. चित्रपटांमुळे मॉडेल खपली आणि मॉडेलमुळे चित्रपटांना गर्दी झाली. आज संग्राहक ज्याला 'जुना गनप्ला' म्हणतात तो मुख्यतः या दोन-तीन वर्षांतला.

त्या काळात मागणी एवढी होती की दुकानात माल टिकत नसे. काही दुकानदार न खपणारं दुसरं मॉडेल सोबत घेतलं तरच गंडम देत. (आपल्याकडेही टंचाईच्या दिवसांत असे प्रकार चालतात, ते पालकांना वेगळं सांगायला नको.) जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या मात्सुदो शहरात एका मोठ्या दुकानात गनप्ला घ्यायला धावलेली मुलं सरकत्या जिन्यावर एकमेकांवर कोसळली आणि जखमी झाली. एका खेळण्यापायी! कंपन्या 'मर्यादित साठा, लवकर करा' असं लिहितात तेव्हा मला ही घटना आठवते.

नकला पण निघाल्या. त्यातली एक गाजलेली नक्कल म्हणजे 'गंगल'. हो, अगदी आपल्याकडच्या गांगल आडनावाची आठवण यावी असं नाव. गंमत म्हणजे आता ही नकली मॉडेलही लोक आवडीने जमवतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हे मॉडेल पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरून तयार होतं. साचा नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालतो. बंदाईने तेच केलं. १९८० चे साचे टिकवले आणि त्यातून पुन्हा पुन्हा माल काढला. त्यामुळे साचा १९८० चा असला तरी त्यातून निघालेला तुकडा २०१० चाही असू शकतो. खोक्यावरचं चित्रही तेच ठेवलं जातं. म्हणजे 'हे १९८० चं मॉडेल आहे' हे वाक्य खोटं नसतं, पण विकणारा त्यातून जे सुचवतो ते खरं असेलच असं नाही. फसवणूक होते ती इथेच. तुकड्यांवरून वय सांगणं अवघड, चित्रावरून अशक्य. उरतो तो छापील मजकूर.

जपानी येत नाही म्हणून घाबरू नका. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं भाषांतर या कामाला पुरतं. विकणाऱ्याकडे खोक्याच्या चारही बाजूंचे आणि सूचनापत्रकाचे फोटो मागा. तो देत नसेल तर तिथेच थांबा.

सगळ्यात आधी कंपनीचं नाव बघायचं. सुरुवातीच्या खोक्यांवर 'बंदाई मोकेई' असं असतं. मोकेई म्हणजे प्रतिकृती, मॉडेल. ही बंदाईची मॉडेल बनवणारी वेगळी कंपनी होती. मार्च १९८३ मध्ये ती मूळ बंदाईत विलीन झाली. म्हणून 'मोकेई' शब्द असेल तर माल साधारण त्या आधीचा, आणि नुसतं 'बंदाई' असेल तर नंतरचा. 'बंदाई स्पिरिट्स' दिसलं तर विषयच संपला, कारण ती कंपनीच २०१८ ची आहे. मला हा पुरावा सगळ्यात आवडतो, कारण एका शब्दावरून काम होतं आणि मुलांनाही लगेच कळतं.

दुसरं, हक्काची ओळ. चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव पूर्वी 'निप्पॉन सनराईज' होतं, १९८७ मध्ये ते नुसतं 'सनराईज' झालं. खोक्यावर बारीक अक्षरांत हे नाव असतं. निप्पॉन शब्द नसेल तर १९८० चा दावा लटका पडतो.

मग किंमत. जपानमध्ये वस्तूंवरचा उपभोग कर १ एप्रिल १९८९ ला लागू झाला. त्याआधी खोक्यावर 'कर वेगळा' असं लिहिण्याचं कारणच नव्हतं. तसे शब्द छापलेले असतील तर खोकं त्यानंतरचं. बारकोडचंही तेच, अगदी पहिल्या खोक्यांवर बारकोड नाही.

आणि एक छुपा पुरावा, जो विकणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. सूचनापत्रकावर कंपनीचा पत्ता असतो. जपानचा पोस्टल कोड फेब्रुवारी १९९८ मध्ये सात अंकी झाला, त्याआधी तो तीन किंवा पाच अंकी असे. सात आकडे मोजले की झालं, भाषा यायचीही गरज नाही!

इथे मुलांना एक गोष्ट जरूर समजावून सांगा. हे पुरावे 'याच्या आधीचं नाही' किंवा 'याच्या नंतरचं नाही' एवढंच सांगतात. नेमकं वर्ष सांगत नाहीत. शिवाय जुन्या खोक्यात नवे तुकडे भरलेले असू शकतात. म्हणून खोकं एक सांगतंय आणि पत्रक दुसरंच सांगतंय असं दिसलं तर जे उशिराचं आहे त्याकडे बघायचं. इतिहासकार नाण्यांच्या हंड्याचा काळ असाच ठरवतात. हंड्यातलं सर्वात अलीकडचं नाणं पाहतात, कारण हंडा त्याआधी पुरलेला असूच शकत नाही.

ज्यांना चित्रपटांची आठवण जपायची आहे त्यांच्यासाठी मॉडेलपेक्षा चित्रपटाची पुस्तिका बरी, असं माझं मत. जपानमध्ये चित्रपटगृहातच त्या चित्रपटाची सचित्र पुस्तिका विकत मिळते. ती प्रदर्शनाच्या वेळी छापलेली असते, त्यामुळे वयाचा घोळ कमी. त्यावर तारीख असेल तर ती बहुधा जपानी सम्राटांच्या कालगणनेत असते, 'शोवा ५६' अशी. आपल्याला हे नवं नाही. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, तसे शोवा वर्षात १९२५ मिळवायचे. ५६ अधिक १९२५ म्हणजे १९८१, पहिल्या आणि दुसऱ्या चित्रपटाचं वर्ष. त्यानंतरच्या 'हेइसेई' वर्षात १९८८ मिळवायचे. वर्गात बेरजेची उदाहरणं म्हणून द्या, मुलं न कंटाळता सोडवतील.

क्लोव्हरच्या खेळण्यांचं काय झालं? ती कंपनी १९८३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ज्या खेळण्याला त्या वेळी मोठी मुलं नाक मुरडत होती, त्याच्यावरचं क्लोव्हरचं नाव हाच आता जुनेपणाचा पुरावा झालाय आणि संग्राहक ते शोधत फिरतात.

गणिताच्या तासालाही गनप्ला उपयोगी पडतो. गोष्टीतल्या गंडमची उंची १८ मीटर. ३०० येनचं मॉडेल १:१४४ प्रमाणाचं. म्हणजे १८०० सेंटिमीटर भागिले १४४, बरोबर १२.५ सेंटिमीटर. पट्टीवर दाखवा. १:१०० चं मॉडेल १८ सेंटिमीटर, १:६० चं ३०, म्हणजे आपली अख्खी मोठी पट्टी. 'खालची संख्या मोठी तर वस्तू लहान' हे मुलांच्या डोक्यात लवकर बसत नाही. नकाशाच्या प्रमाणात तिथेच घोटाळा होतो. मॉडेलचे आकडे हाताशी असले की तो सुटतो. मॉडेल नसेल तर फळ्यावर तीन उंच्यांच्या रेघा काढा, काम भागतं.

आता पालकांचा खरा प्रश्न: घ्यायचं का आणि कुठलं? मुलाला बांधायला हवं असेल तर जुनं शोधूच नका. जुन्या खोक्यातले पाण्यात भिजवून लावायचे चित्रांचे कागद पिवळे पडलेले असतात, चिटकत नाहीत. शिवाय त्या पिढीच्या मॉडेलला चिकटवायचं द्रावण आणि रंग दोन्ही लागतात, आणि त्या द्रावणाचा वास लहान मुलांच्या नाकाला बरा नाही. १९९० मध्ये बंदाईने 'हाय ग्रेड' नावाची मालिका आणली. त्यात तुकडे आपापल्या रंगाचेच असतात आणि नुसते दाबून बसतात. पहिल्यांदा करणाऱ्या मुलाला यातलंच द्या. तुकडे कापायला नखं काढायचं नेलकटर नको, लहान पक्कडवजा कटर घ्या, आणि कापताना मोठं माणूस शेजारी असू द्या. जुन्या मॉडेलचीच हौस असेल तर नव्याने काढलेला माल घ्या. साचा तोच, तुकडे तेच, पैसे थोडे.

न उघडलेलं खरंखुरं जुनं खोकं कुणी भेट दिलंच, तर उन्हात ठेवू नका. उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि खोक्याचा लाल रंग आधी उडतो. पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून आपल्या हवेत ते भिंतीला टेकवून किंवा जमिनीलगत ठेवू नये. रबरबँड तर मुळीच लावू नका, तो वितळून पुठ्ठ्याला चिकटतो.

वर्गात हा उपक्रम गनप्लाशिवायही करता येतो. मुलांना घरातला जुना डबा किंवा खोकं आणायला सांगा. आपला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात तो असेल तर डबा त्यानंतरचा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी नवे पैसे आले. करासोबत जीएसटी लिहिलं असेल तर जुलै २०१७ च्या नंतरचा. प्रत्येक मुलाने वहीत दोनच रकाने आखायचे: 'यानंतरचा' आणि 'यासमोरचा पुरावा'. नंतर आजीला विचारून वर्ष पडताळायचं, म्हणजे मौखिक साधनही झालं. आजीचं वर्ष आणि डब्याचं वर्ष जुळलं नाही, तर त्या दिवशी वर्गात जी चर्चा होते ती जरूर होऊ द्या, घंटा झाली तरी.