यमूची गोष्ट सांगणारे हरिभाऊ

यंदा दहावीच्या वर्गात हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांविषयी बोलत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आलवण म्हणजे काय?” वर्गात कोणालाच सांगता येईना. एकाने तर तो दागिना असावा असे ठरवूनच टाकले! घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हांस ‘बोडकी’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक. पण तोही शिवी म्हणूनच कानी पडलेला. विधवेचे केशवपन करून तिला जे तांबडे लुगडे नेसवीत ते आलवण, एवढे आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, “आजीने लहानपणी पाहिले आहे. तिच्या एक वृद्ध आत्या नेसत. लग्नकार्यात त्या मागच्या खोलीतून बाहेर येत नसत.” ज्या कादंबरीस आम्ही फार जुनी म्हणत होतो, ती आमच्या वर्गापासून इतकी जवळ होती.

हरिभाऊंपूर्वी मराठी कादंबरीच्या दोन वाटा पडल्या होत्या, आणि दोहींच्या आरंभी आपल्या बेळगाव मुलखातील माणसे उभी आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडले. जांबोटीच्या रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी १८७१ साली ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी दिली. पहिलीत कळवळा आहे, परंतु ती धर्मोपदेशासाठी लिहिलेली. दुसरीत गड आहे, शिवकाल आहे. एकीत स्त्रीचे दुःख, दुसरीत इतिहास. ह्या दोन्ही वाटांनी एकच लेखक समर्थपणे चालला तो हरिभाऊ.

त्यांचा जन्म १८६४ सालचा. ‘करमणूक’ हे साप्ताहिक त्यांनी १८९० साली काढले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस. सामाजिक कादंबऱ्यांना ते ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत. नाव किती साधे! पण त्यातच त्यांचे धाडस आहे. राजकन्या नाही, गंधर्व नाही. पुण्यातील एका मध्यम स्थितीच्या घरातील यमू ही मुलगी, आणि ती आपली हकीकत आपणच सांगते. दादाशी भांडणे, दुर्गीशी गुजगोष्टी, सासर, मुंबईत पतीच्या सहवासात लिहिण्यावाचण्याची लागलेली गोडी, ते थोडके सुखाचे दिवस. मग वैधव्य, आणि सासरच्या शंकरमामंजींच्या पुढाकाराने बळजबरीने झालेले केशवपन.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. ही गोष्ट चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला व त्यावरून पुण्यात मोठे रण माजले. सभा होत, लेख लिहिले जात, शास्त्रार्थ चालत. परंतु कायदा वाड्याच्या दिंडीदरवाज्याशी थांबे. माजघरात शिरत नसे. हरिभाऊ माजघरात शिरले. लेखातील मतास उत्तर देता येते. यमूस कोणी काय उत्तर द्यावे? ती वाद घालीतच नाही. घरातील बाया बोलतात त्या भाषेत, मध्येच हसत, मध्येच लाजत, ती घडले ते सांगते, आणि वाचक तिच्यावर माया करू लागल्यावर वज्राघात होतो. पुरुषाने लिहिलेले हे बोलणे आहे हे वाचताना विसरायला होते. घरातील बायकांचे बोलणे कान देऊन ऐकल्यावाचून हे साधले नसते, असे आम्हांस वाटते.

त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतही हीच दृष्टी दिसते. ‘उषःकाल’मध्ये शिवरायांच्या उदयाचा काळ आहे, पण आम्हांस भिडतो तो विजापूरकरांशी इमान राखणारा वृद्ध किल्लेदार आणि स्वराज्याची ओढ लागलेला त्याचा मुलगा. राज्य बदलते आहे, आणि त्याची पहिली भेग बापलेकांत पडते! ‘गड आला पण सिंह गेला’ तानाजीमुळे मुलांना अधिक आवडते. ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचा विनाश आहे. तरी स्पष्ट सांगावयाचे तर तलवारींच्या खणखणाटापेक्षा यमूचे हलके बोलणे आम्हांस मोठे वाटते.

दोष नाहीत असे नव्हे. दर आठवड्यास मजकूर पुरवावयाचा, म्हणून कथा पसरते. लेखक वाचकाला थांबवून चार शब्द ऐकवतो. कित्येक योगायोग तर ओढूनताणून आणलेले. पुष्कळ विद्यार्थी पहिल्या पन्नास पानांतच पुस्तक मिटतात. त्यांस आमची एक युक्ती आहे: ही कादंबरी एकट्याने मनात वाचू नये. घरी आजी असेल तर तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचावी. त्या मुलीने तसेच आरंभिले आहे. शाळेच्या ग्रंथालयातील प्रत दिवाळीच्या सुट्टीपासून तिच्याकडे आहे. मुदत दोनदा वाढवून दिली. “आजी मध्येच थांबवते आणि तिच्या आत्यांचे सांगू लागते,” असे ती म्हणते, “त्यामुळे फार हळू चालले आहे.”