विमानाच्या सांध्यात टायटॅनियम कशाला?

सावर्ड्याकडे चार पावसाळे झेललेला छपराचा लोखंडी पत्रा पाहा. गंज आधी धरतो तो खिळ्याभोवती. पत्रा धड असतो, दुबळा असतो सांधा. विमानातही तेच. धातूच्या पत्र्याऐवजी कार्बन-तंतूंचे संमिश्र आले, तरी हा प्रश्न सुटला नाही. उलट अवघड झाला.

2011 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग 787 चे जवळजवळ निम्मे वजन संमिश्रांचे आहे. त्याच्या जमिनीखालच्या तुळयाही कार्बन-संमिश्राच्या असतात. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात अशा तुळया तयार झाल्या आहेत.

संमिश्र म्हणजे राळेत बसवलेले तंतूंचे थर. त्यात छिद्र पाडले की तंतू तुटतात. शिवाय ताणलेल्या रुंद पट्टीत गोल छिद्राच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो. ॲल्युमिनियम तेथे किंचित नमते व भार शेजारच्या रिव्हेटवर जातो. कार्बन-तंतू नमत नाहीत, तुटतात. म्हणून सांध्यापाशी तिरपे थर वाढवतात आणि छिद्रे अगदी मापात पाडतात. गिरमिट बाहेर पडताना शेवटचा थर उचकटू नये यासाठी मागे आधार देतात. प्लायवुडला भोक पाडताना आपला सुतारही मागे लाकडाचा तुकडा धरतो! ठोकून फुगवायचा रिव्हेट थर चिरडू शकतो, त्यामुळे बहुधा बोल्टच वापरतात.

तो बोल्ट ॲल्युमिनियमचा का नको? वर्गात करून पाहा. मिठाच्या पाण्यात पेन्सिलीचे शिसे व घासून स्वच्छ केलेली ॲल्युमिनियमची तार, एकमेकांना न चिकटवता बुडवा. मल्टिमीटर जोडला की काही दशांश व्होल्ट विभवांतर दिसेल. हा विद्युत्घटच झाला. यात कार्बन शाबूत राहतो, झिजते ते ॲल्युमिनियम. मोठ्या कार्बन पृष्ठभागात इवलासा ॲल्युमिनियमचा रिव्हेट ही सर्वांत वाईट जोडी, कारण सारी झीज त्या एवढ्याशा धातूवर येते. विमानातील स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहाखाली ओल हटत नाही, तेथे तर विचारूच नका. टायटॅनियम मात्र आपल्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे कार्बनशेजारी टिकते. महाग पडते, पण इलाज नाही. ॲल्युमिनियमचा भाग जोडायचाच असेल, तर मध्ये काच-तंतूंचा थर घालतात, कारण काच वीज वाहू देत नाही. बोल्टही ओल्या सीलंटमध्ये बुडवून बसवतात.

मग नुसते चिकटवून का भागत नाही? चिकटवतातही. पण चिकटवलेला जोड किती भार पेलेल, हे तो न तोडता खात्रीने सांगणारी तपासणी नाही. म्हणून जिथे माणसांचे प्राण सांध्यावर अवलंबून असतात, तिथे बोल्ट राहिले आहेत.