दिव्याच्या उघडझापीची पंधरा वर्षं

१९८०च्या दशकातली जनरल मोटर्सची शेव्हरोले किंवा पॉन्टिॲक बिघडली, तर तिला काय होतंय हे विचारायला एक यू-पिन पुरायची. डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, बारा खणांचा कनेक्टर असे. वरच्या रांगेत उजवीकडचे पहिले दोन खण म्हणजे ए आणि बी. त्यातला ए हा अर्थिंगचा. इंजिन बंद ठेवून हे दोन खण यू-पिनेने जोडायचे आणि चावी ‘ऑन’वर न्यायची. समोरचा ‘चेक इंजिन’चा दिवा मिचकायला लागे. एकदा लागला, थांबला, पाठोपाठ दोनदा लागला, की झाले बारा. हे तीनदा. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत साठलेले बिघाडांचे कोड चढत्या क्रमाने, प्रत्येक तीनदा, आणि ते संपले की पुन्हा बारा.

त्या सगळ्या व्यवस्थेत हा बारा मला सर्वांत विचारपूर्वक ठेवलेला आकडा वाटतो. डिस्ट्रिब्युटरकडून इंजिन फिरत असल्याचे संकेत येत नाहीत, असा त्याचा अर्थ. इंजिन बंदच असल्यामुळे ते खरंच असतं. समोरच्या माणसाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट कॉम्प्युटर पहिल्यांदा सांगतो, आणि तेवढ्यावरून दिवा, वायर आणि कॉम्प्युटर तिन्ही शाबूत असल्याची खात्री पटते. बारा आलाच नाही, तर शोध तिथूनच सुरू करायचा.

मालकाची सोय म्हणून हा दिवा आलेला नाही. तो आला धुरापायी. मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की लॉस एंजलिसवरचं ते डोळे झोंबवणारं धुरकं तयार होतं, हे कॅल्टेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिलं. नियम कडक होत गेले, धुरातले हे विषारी वायू निवळणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो नीट चालायचा तर एका भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण घट्ट धरावं लागतं. नुसत्या कार्ब्युरेटरला ते जमेना. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला आणि तो वाचून मिक्श्चर सुधारणारा कॉम्प्युटर बसला. जनरल मोटर्सने तो १९८०मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९८१मध्ये अमेरिकाभर आणला. इतके सेन्सर एकदम आल्यावर गॅरेजमधल्या मेकॅनिकने करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरांनी त्या दिव्यातच ठेवून दिलं. १९८८च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने दिवा आणि स्वयंनिदान सक्तीचं केलं, पण कोड वाचायचा कसा ते ज्या त्या कंपनीवर राहिलं.

मग प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. फोर्डमध्ये काट्याचा व्होल्टमीटर लावून काटा किती वेळा हलतो ते मोजायचं. टोयोटात बॉनेटखालच्या डबीतले टीई-१ आणि ई-१ जोडायचे. बिघाड नसेल तर दिवा एकसारखा लुकलुकत राही. होंडात दोन पिनांचा छोटा कनेक्टर शॉर्ट करायचा. क्रायस्लरची पद्धत मला सर्वांत आवडते. पाच सेकंदांच्या आत चावी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन करायची, की दिवा कोड देऊ लागे आणि ५५ वर थांबे. वायरचा तुकडासुद्धा लागत नसे.

कोड वाचणं सोपं होतं. खरं काम पुढे होतं. जनरल मोटर्सचा ४४ घ्या. ऑक्सिजन सेन्सर बराच वेळ ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असं सांगतोय, एवढंच तो म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ४४ दिसला की सेन्सर बदलला जाई आणि थोड्याच दिवसांत ४४ पुन्हा हजर होई. कारण फाटलेली व्हॅक्यूमची नळी, चोकअप झालेला पेट्रोलचा फिल्टर किंवा थकलेला पंप तसाच राहिलेला असे. एखादा प्लग मिसिंग करत असेल तर फसगत आणखी मोठी. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन थेट सेन्सरपर्यंत येतो आणि पेट्रोल वाया जात असतानाही सेन्सर ‘लीन’च सांगतो.

१४ आणि १५ ही जोडी मात्र शिकणाऱ्यासाठी फार मोलाची. दोन्ही कोड कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचे: १४ म्हणजे इंजिन अतोनात तापलेलं दिसतंय, १५ म्हणजे अतोनात थंड. १४ येत असेल तर सेन्सरचा प्लग काढायचा. आता १५ आला, तर वायरिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. १५ येत असेल तर प्लग काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. १४ आला की तोच निष्कर्ष. यू-पिनेवर होणारी इतकी स्वच्छ तपासणी आजही क्वचितच दिसते. इंजेक्शनच्या गाड्यांत ए-बी जोडून इंजिन चालू ठेवलं, तर दिवा मिक्श्चरही दाखवी: बहुतांश वेळ विझलेला राहिला तर लीन, पेटलेला राहिला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

१९९६पासून अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना सोळा पिनांचा एकच सॉकेट आणि एकाच यादीतले कोड सक्तीचे झाले. ते योग्यच झालं. कोणत्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे इथपर्यंत सांगणारे शेकडो कोड दिव्याने मिचकावणं शक्य नव्हतं. पण स्कॅनर नसलेल्या माणसासाठी तो दिवा बहुतेक गाड्यांत मुका झाला, आणि निदान मोजके कोड तरी त्याच्याकडे ठेवायला हवे होते, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. त्याच वर्षी आलेल्या देवू सिएलोत जनरल मोटर्सच्याच घराण्याचा बारा खणांचा कनेक्टर होता. ओबीडीची, म्हणजे गाडीतल्या स्वयंनिदानाची, सक्ती झाली ती धुराच्या भारत स्टेज चार नियमांबरोबर, २०१०मध्ये, मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून तेरा शहरांत. ओबीडी-२ त्यानंतर २०१३मध्ये. त्यामुळे मधल्या पंधरा वर्षांतल्या कित्येक गाड्यांना आजचा स्वस्त स्कॅनर एक तर बसत नाही, नाही तर त्यांच्याशी बोलत नाही. दिव्याची पद्धत इथे अजून उपयोगाची आहे. होंडाच्या पीजीएम-एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) दुचाकींतही ती चालते: लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक.

अशी जुनी गाडी तुमच्याकडे असेल, तर तिच्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. खण मोजून, खात्री करूनच पिन घाला. चुकीच्या खणात गेली तर कॉम्प्युटर जळू शकतो. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो बहुधा एअरबॅगचा असतो. आणि बॅटरी काढली की या गाड्यांची मेमरी पुसली जाते, म्हणून मेकॅनिकने पाना हातात घेण्याआधी कोड कागदावर उतरवून घ्या.